जमिनीखालचं अंजीर

सप्टेंबर संपत आला की मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी घरांत एक प्रश्न फिरायला लागतो. विमलताईंकडे जागा आहे का? ही जागा माणसांसाठी नसते, कुंड्यांसाठी असते. डिसेंबरात भारतात जाणारी मंडळी आपला कढीलिंब, मोगरा, जास्वंद, गवती चहा त्यांच्याकडे हिवाळ्यापुरते ठेवायला आणतात. विमलताई दारातच कुंडी थांबवतात. पानं उलटी करून बघतात, मातीत बोट खुपसतात, आणि मग मालकाकडे अशा नजरेने बघतात की आपण मुलाला उपाशी शाळेत पाठवलंय असं वाटावं.

"केवढं पाणी घालतोस रे?"

"रोज थोडं थोडं, ताई."

"रोज कशाला? त्याला काय गोळ्या घ्यायच्या आहेत?"

त्यांच्या अटी ठरलेल्या. पानांखाली कीड असेल तर कुंडीची आंघोळ बाहेर नळाखाली, मग आत प्रवेश. परत नेताना झाड मे महिन्याआधी मागायचं नाही. आणि मध्ये फोन करून चौकशी करायची नाही. "ते ॲडमिट झालेलं नाही, राहायला आलंय," असं त्या सांगतात.

झाडांचे त्यांनी दोन वर्ग केले आहेत, जागी राहणारी आणि झोपणारी. कढीलिंब, मोगरा ही जागी राहणारी. ती बेसमेंटमध्ये, ट्यूबलाइटखाली. कर्दळीचे कंद, डेलियाचे कंद, कुंडीतलं डाळिंब ही झोपणारी. ती गॅरेजमध्ये, अंधारात, थंडीत. आमच्यासारख्यांची चूक नेहमी एकच. झोपणाऱ्याला आपण दया येऊन उबदार घरात आणतो आणि खिडकीत ठेवतो. ते जानेवारीतच जागं होतं, पांढुरकी लांबट पालवी फोडतं आणि मार्चपर्यंत दमून जातं. "झोपलेल्याला उठवून जेवायला बसवायचं नसतं," हे विमलताईंचं वाक्य आमच्या मुलांनासुद्धा पाठ आहे.

मी हे लिहितोय तो फारसा झाडं लावणारा माणूस नाही. मी मुळात अपराधी स्वभावाचा आहे. नाशिकला आई एकटी राहते, मी इथे राहतो, आणि या एका गोष्टीतून माझ्या बाकीच्या सगळ्या अपराधी भावना फुटल्या आहेत. एखादी कुंडी सुकली तरी मला रात्रभर वाईट वाटतं. विमलताईंना हे चांगलं ठाऊक आहे. "तुझ्या वाईट वाटण्यावर एक झाड जगलं असतं ना, तर मी तुझ्या अंगणात जंगल केलं असतं," असं त्या मला एकदा चारचौघांत म्हणाल्या. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की माझ्या मनात अपराधाऐवजी अभिमान दाटतो, हे माझ्या बाबतीत दुर्मीळ आहे. म्हणून लिहितोय.

विमलताई सासवडजवळच्या एका गावच्या. इंजिनिअर होऊन लग्नानंतर मिशिगनला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या एका कंपनीत राहिल्या. त्यांचं काम शीतकक्षात चालायचं. दारांची रबरं, वायपर, कुलपं उणे तापमानात ठेवायची आणि काय तडकतं ते बघायचं. बाहेर जुलैचं ऊन असताना विमलताई जाड कोट आणि कानटोपी घालून कामावर उभ्या असत. डबा खायला बाहेर आल्या की बाकीचे टी-शर्टमध्ये आणि या कोटात.

त्या नोकरीतून त्यांनी एक सवय उचलली. त्या कशालाही लगेच 'मेलं' किंवा 'जगलं' म्हणत नाहीत. आमचा पहिला कढीलिंब पानं गाळून नुसती काटकी झाला, तेव्हा मी आणि मनीषा, म्हणजे माझी बायको, तो टाकून द्यायला निघालो होतो. विमलताईंनी कुंडी हातातून घेतली, अंगठ्याच्या नखाने खोडाची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं.

"हे बघ. तुम्ही जिवंत माणसाचं तेरावं घालत होतात."

तेव्हापासून आमच्या गावात कुणाचंही झाड वाळलं की लोक आधी नख लावतात. जुलै उजाडेपर्यंत कुठलंही झाड मेलं असं म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. नागपूरचा एक तरुण जावा प्रोग्रामर तर मला म्हणाला, "यार, मी आता सर्व्हर डाउन झाला तरी पहिले नख लावून बघतो."

याच मुलाची गोष्ट सांगतो. त्याने आणि त्याच्या बायकोने नवीन घर घेतलं आणि पुढच्या अंगणात गुलाब लावले. पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्या आईने नागपूरहून येताना दोन गोधड्या आणल्या होत्या, जुन्या साड्यांच्या, हाताने टाके घातलेल्या. थंडी पडल्यावर त्या माउलीला गुलाबांची दया आली. तिने एकेका झाडाला गोधडी गुंडाळली आणि वरून सुतळी बांधली. रस्त्यावरून बघताना तिथे कुणी डोक्यावरून पांघरूण घेऊन उकिडवं बसलंय असं वाटायचं. येणारेजाणारे फोटो काढायचे.

विमलताई बघायला गेल्या, बरोबर मीही होतो. गोधड्या पावसाने भिजून रात्री गोठल्या होत्या, बोट मारलं तर टणटण वाजत होत्या. मला वाटलं आता त्या बाईंचं काही खरं नाही. पण विमलताई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"वहिनी, गोधडीत आपल्याला ऊब का येते?"

"सुती असते म्हणून."

"आपण आतून गरम असतो म्हणून. गोधडी स्वतः गरम नसते, ती आपलीच ऊब बाहेर जाऊ देत नाही. गुलाबाच्या अंगात कुठे ताप आहे?"

"मग त्यानं करावं काय?"

"ऊब जमिनीत आहे. ती धरून ठेवायची."

मग त्यांनी बुंध्याशी मातीचा ढीग केला, त्यावर सुका पालापाचोळा घातला, वरून एक कापड तंबूसारखं जमिनीपर्यंत आणून कडेने दगड ठेवले. सुतळी कमरेला नाही बांधली. गोधड्या त्यांनी घरी नेऊन वाळवल्या आणि घडी करून परत आणून दिल्या. वर म्हणाल्या, "या तुमच्या सुनेला द्या. तिला लागतील, तिचं अंग गरम आहे." ती सून तेव्हा पोटुशी होती, आणि हे त्या दोघांनी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. विमलताईंना कसं कळलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण त्यांचं खरं नातं होतं ते एका अंजिराशी. परसदारी, दक्षिणेच्या भिंतीपाशी ते उन्हाळाभर उभं असायचं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याला जांभळी फळं लागायची. नवीन पाहुणा हमखास म्हणायचा, "वा, पुरंदरचं अंजीर अमेरिकेत." त्या तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. "पुरंदरचं नाही. हे इटलीकडचं आहे. आमच्या गावच्या अंजिराला पिकायला जेवढा उन्हाळा लागतो, तेवढा इथे मिळत नाही. हा त्याचा चुलतभाऊ समजा."

झाडाचं कलम दिलं होतं कुंपणापलीकडच्या सालने. साल म्हणजे इटलीहून लहानपणी आलेला म्हातारा, जुन्या गाड्यांचा दलाल, मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या मिजाशीचा. विमलताईंनी पहिल्या वर्षी अंजीर कुंडीत लावून गॅरेजमध्ये ठेवलं, तर तो कुंपणावरून हसला. "अंजीर काय सायकल आहे का गॅरेजमध्ये लावायला? आमच्याकडे ते पुरतात."

विमलताईंना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. नोव्हेंबरात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सालने झाडाच्या दोन बाजूंची मुळं कुदळीने तोडली, समोर लांब चर खणला, आणि अख्खं झाड हळूहळू वाकवून त्यात आडवं निजवलं. वर फळ्या, पाला, माती. अंगणात थडग्यासारखा उंचवटा तेवढा राहिला. एप्रिलमध्ये त्याने माती काढली आणि झाड उभं केलं.

त्यानंतर दोघांत कितीतरी वर्षं जुगलबंदी चालली. तो दोरीने फांद्या बांधायचा. विमलताईंनी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या वापरल्या, कारण दोरी खोडाच्या सालीत रुतते. तो चर सपाट झाकायचा. त्यांनी वरचं प्लॅस्टिक उतरतं लावलं, म्हणजे पाणी बाजूला जाईल. उंदरांनी झाडाची साल कुरतडू नये म्हणून तारेची जाळी त्यांचीच कल्पना. सालने त्यातलं काहीही मान्य केलं नाही, आणि पुढच्या वर्षी गुपचूप सगळं केलं. तो गेला तेव्हा त्याच्या मुलीने अंत्यविधीला विमलताईंना घरच्यांच्या रांगेत बसवलं होतं.

आता गेल्या हिवाळ्याकडे येतो.

विमलताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या एकट्या त्या घरात राहत. मुलगा अभय ह्यूस्टनला. आदल्या फेब्रुवारीत त्या ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरल्या आणि गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. ऑक्टोबरात अभय आला, तो ठरवूनच आला होता. मी आणि मनीषा जेवायला होतो. वरणभात होईपर्यंत तो थांबला, मग म्हणाला, "आई, धिस इज द लास्ट विंटर. स्प्रिंगमध्ये घर लिस्ट करू. तू ह्यूस्टनला ये. तिथे फिग्ज आपोआप उगवतात, यू डोन्ट इव्हन हॅव टू ट्राय."

विमलताईंनी ताकाची वाटी खाली ठेवली.

"म्हणूनच. तिथे अंजीर कुणालाही येतं."

आम्ही हसलो, अभय हसला नाही. "यू फेल, आई. यू वर ऑन द आइस फॉर ॲन अवर." मला त्याचं म्हणणं पटत होतं, हे मी इथे कबूल करतो. माझी आई घसरली तर मला कोण कळवणार, हा विचार मी रोज करतो. विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या तोंडावर लिहिलंय. तू त्याच्या पार्टीत." मग मुलाकडे वळून त्यांनी शांतपणे अट घातली. हे झाड यंदाही मी पुरीन आणि उठवीन. मेअखेरच्या सुट्टीत तू ये. त्याला पानं असतील तर मी इथे राहणार आणि तू हा विषय काढणार नाहीस. पानं नसतील तर मी स्वतः घर विकायला काढीन.

"डील?" अभयने विचारलं.

"डील," त्या म्हणाल्या आणि त्याला आणखी भात वाढला.

नोव्हेंबरात झाड पुरायला मला बोलावणं आलं. मला फक्त खणायची परवानगी होती, ठरवायची नाही. मी मुळं तोडत होतो आणि विमलताई काठीने जागा दाखवत होत्या. वाकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बाजूला केलं, काठी टाकली आणि स्वतः झाडाला मिठी मारल्यासारखं धरलं. दुपारभर ते थोडं थोडं वाकलं. लाकूड करकरलं की त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या. दुखऱ्या गुडघ्यावर त्या कशा उभ्या होत्या मला माहीत नाही. मी मध्येच म्हणालो, "ताई, मी धरतो."

"तू धरशील. सोडायचं कधी ते तुला कळणार नाही."

तो हिवाळा विचित्र होता. थंडी हाडं फोडणारी, पण बर्फ नाही. सगळं गाव खूश, ड्राइव्हवे मोकळे. विमलताई एकट्या अस्वस्थ. बर्फ म्हणजे जमिनीचं पांघरूण, त्याच्याशिवाय थंडी खोल उतरते. एकदा जेमतेम थर पडला, तर त्यांनी बर्फ काढायला येणाऱ्या माणसाला सांगितलं की तो सगळा मागच्या अंगणात नेऊन त्या उंचवट्यावर टाक. तो दोनदा विचारून गेला, नक्की ना. मग फेब्रुवारीत अचानक उबदार वारे आले, मुसळधार पाऊस झाला, चराच्या आजूबाजूला पाणी साचलं आणि लगेच पुन्हा सगळं गोठलं.

एप्रिलमध्ये आम्ही माती काढली. फळ्या उचलल्या तेव्हाच आंबूस वास आला. झाड उभं केलं. शेंडे काळे आणि मऊ पडले होते. विमलताईंनी वरून नख लावलं, तपकिरी. मध्यावर लावलं, तपकिरी. खाली गुडघ्याइतक्या उंचीवर लावलं, तिथेही तपकिरी.

मी म्हणालो, "सॉरी, ताई."

"का? फेब्रुवारीतला पाऊस तू पाडलास?"

त्यांनी नखातली माती काढली आणि घरात गेल्या. मी अवजारं धुवून आत गेलो तर त्या फोनवर होत्या. अभयशी बोलत होत्या. मी कान देत नव्हतो, पण ऐकू आलं. "झाड उभं केलं. मला ते जिवंत वाटत नाही. तुला मेमध्ये येऊन बघायचं तर बघ, पण मी तुला आजच सांगते." त्यांना थांबता आलं असतं. सहा आठवडे कुणी विचारणार नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा जितका अभिमान वाटला तितका गोड फळांच्या कुठल्याही वर्षी वाटला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरं विकणाऱ्या एका बाईला बोलावून खोल्या दाखवल्या. बेसमेंटमधल्या कुंड्या ज्याच्या त्याला लवकर नेण्याचे निरोप गेले. आम्ही त्या नेल्या.

मेअखेरीस अभय आला. मी तिथे होतो, कारण त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. झाड तसंच उभं होतं, काळं, एकही पान नाही. विमलताई म्हणाल्या, "बघितलंस? आता आत चल, चहा घेऊ. ती बाई चार वाजता फोटो काढायला येणार आहे."

अभय हलला नाही. तो झाडापाशी खाली बसला, बोटांनी बुंध्याची माती बाजूला केली आणि जमिनीच्या खाली, मुळाच्या मानेपाशी नख लावलं. बराच वेळ बघत राहिला. तिथे हिरवं होतं की नाही ते मला दिसलं नाही.

"आई, तू सगळ्यांना काय सांगतेस? नॉट बिफोर जुलै."

"ते लोकांच्या झाडांसाठी. मी मेचा शब्द दिला होता."

"देन यू गेव्ह अ राँग डेट." मग तो मराठीत म्हणाला, अडखळत, "नियम सगळ्यांना सारखा ना? तूच म्हणतेस."

विमलताई घरात गेल्या आणि त्या बाईला फोन करून म्हणाल्या की आज येऊ नका, जुलैमध्ये कळवते. चहा मात्र त्यांनी कडक केला आणि अभयला म्हणाल्या, "दया म्हणून करत असशील तर मला चालणार नाही."

"टेस्टिंग आहे," अभय म्हणाला.

जूनच्या शेवटी एक दिवस त्यांनी मला बोलावलं. बुंध्याच्या कडेला मातीतून कोंब आले होते, लालसर, मुठी मिटल्यासारखे. मी खिशातून फोन काढला, अभयला फोटो पाठवावा म्हणून.

"ठेव तो आत. ही पालवी आहे, पान नाही."

त्या खरोखर थांबल्या. मेलेलं लाकूड त्यांनी त्यानंतरच कापलं, कोंबांतले दणकट तेवढे ठेवले, खत अजिबात दिलं नाही. "आजारातून उठलेल्याला लगेच श्रीखंड नाही," म्हणाल्या. पान त्यांच्या तळहाताएवढं उघडलं त्या दिवशी त्यांनी स्वतः ह्यूस्टनला फोन लावला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही, एवढं खरं. यंदा अंजीर एकही आलं नाही. विमलताईंना कुणी हळहळून तसं म्हटलं, तर त्या म्हणायच्या, "त्याने काय करायचं ते केलंय."

परवा, पानं गळून गेल्यावर, मी फावडं घेऊन त्यांच्याकडे गेलो. या वर्षी सगळं मीच करावं, त्यांना हात लावू देऊ नये, असं मनाशी ठरवून गेलो होतो. मागच्या अंगणात अभय आधीच चरात उभा होता. विमानतळावरून सरळ आला असावा, ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. विमलताई खुर्चीवर बसून साडी फाडत होत्या.

"ये," त्या मला म्हणाल्या. "तुला आज काम नाही. उभा राहा आणि वाईट वाटून घे."

नवे दांडे कोवळे होते, सहज वाकले. अभयने ते निजवले, जाळी घातली, पाला घातला. माती लोटताना त्याने दोन-तीनदा आईकडे बघितलं आणि त्यांनी मान हलवली. शेवटी प्लॅस्टिक उतरतं लावून त्याने कडेला दगड ठेवले. विमलताई उठल्या, काठी टेकत चराभोवती एक फेरी मारली, एक दगड काठीने किंचित सरकवला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

मग त्या घराकडे निघाल्या. ओल्या पानांवरून, उतारावरून, हळू, कुणाचा हात न धरता. अभय त्यांच्या अर्धं पाऊल मागे चालत होता, दोन्ही चिखलाचे हात त्यांच्या कोपरांपाशी तयार ठेवून, पण लावत नव्हता. दारापर्यंत त्याने ते तसेच ठेवले.